आईच्या नावावरचं मत

नागोया, ७ जुलै २०२५

ती. दादांना दीपमालाचा सा. न. वि. वि.

तुम्ही बजावलंत म्हणून हातानं लिहून फोटो पाठवते आहे. सरपंचांना लेकीचं अक्षर चारचौघांत मिरवता येईल.

इथे वीस तारखेला संसदेच्या वरच्या सभागृहाची निवडणूक आहे. चौकात एकच फळा, त्यावर आकडे घातलेले चौकोन. ज्यानं त्यानं आपल्याच चौकोनात फोटो लावायचा. गुलाल नाही, जेवणावळी नाहीत. विरोधक कर कमी करू म्हणतात, जुना सत्ताधारी पक्ष घाबरलाय, आणि एक नवा पक्ष परदेशी लोकांना आवरा म्हणतो. त्यांची प्रचाराची गाडी ओरडत गेली की मी कामाला आहे त्या वृद्धाश्रमातल्या आज्या माझा हात घट्ट धरतात.

तिथल्या मियाके आजोबांचं वेगळंच. घरातल्या सगळ्यांच्या मतदानाच्या चिठ्ठ्या एका पाकिटात येतात. यंदा एकच आली, कारण त्यांच्या घरच्या आजी मार्चमध्ये गेल्या. ते रोज पाकीट उलटं करून झटकतात आणि दुसरी कुठे, असं मला विचारतात. दादा, आपल्या मतदार यादीत आईचं नाव अजून आहे का हो?

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची दीपमाला

खडकाळा, जि. बीड, ११ जुलै

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद.

पत्र कुणाला दाखवलं नाही. नाव आहे. तिच्या नावावर मतही पडलंय.

ती बावीसच्या ऑगस्टात गेली, डिसेंबरात मी सरपंचकीला उभा राहिलो. माजलगावहून तुझ्या वनमाला मावशीला मीच बोलावलं. आईचं हिरवं पातळ नेसून, पदर ओढून ती केंद्रात गेली. बहिणीच त्या, पाठमोरी बघून मी हाक मारणार होतो. एका मतानं निवडून आलो, हे गावाला ठाऊक हाय. कुणाच्या, ते न्हाई.

आणि जाण्याआधी खाटेवरून तुझ्या आईनं मला बजावलं होतं, की तुमी गावाचे झालात, घराचे न्हाई. माझं मत तुमाला न्हाई.

तवापासून सकाळी चहाला बसलो की पाठीमागून पातळाची सळसळ जाते. मी वळत नाही. काय करू, तूच सांग.

तुझे दादा

नागोया, १६ जुलै

ती. दादांना सा. न.

आज आश्रमातच आगाऊ मतदान झालं. आजींची चिठ्ठी येणार नाही, हे मियाके आजोबांना मी शेवटी सांगितलं. त्यांनी पाकीट एकदा झटकलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग आत जाऊन मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव लिहून आले.

दादा, आईचं नाव कमी करा आणि खुर्ची सोडा. लोक हसतील, तोंड लपवावंसं वाटेल. मी दिवाळीला येते आहे. सरपंच नसलात तर लेकीशी बोलायला सवड तरी मिळेल.

रागावू नका, लोभही सोडू नका.
दीपमाला

खडकाळा, २५ जुलै

चि. दीपमालास आशीर्वाद.

राजीनामा पंचायत समितीत दिला, खरं कारण लिहून. मावशी फोनवर लई रडली. तिला म्हणालो, दोष माझा. हरलेला गहिनीनाथ घरी आला. शिव्या देईल वाटलं. नुसता बसून गेला, त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

काल नाव कमी करायला तहसीलला गेलो. कारकुनानं विचारलं, बाई कधी वारल्या. मी मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. तीन वर्षं मी तिला मेलेली धरलीच नव्हती, पोरी. धरली असती तर ते मत खोटं ठरलं असतं. तिथेच उभ्यानं रडलो.

कारकुनानं पाणी दिलं. तारीख त्यानं दाखल्यावरून उतरवून घेतली.

जिवाला जप.
तुझे दादा