साहेबांचा सांडवा बुजवू नये म्हणून

लिहून ठेवणार रामहरी धोंडीराम नाटकर, वय सव्वीस, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. हल्ली हिमाचलात बोगद्याच्या कामावर. शाळा चौथीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. उद्यापासून सुरुंगाच्या टोळीत जातोय, म्हणून आजच लिहितो.

एक. पोस्टातली शिल्लक आई भिवराबाई हिची. तिनं ती पाहुण्यांच्या लग्नात वाटू नये, स्वतः खावी.

दोन. लेव्हल काढायची पाण्याची नळी. ही मला मॅक्रे साहेबांनी दिली. साहेब स्कॉटलंडचे, पाथरवटाच्या घरचे. बंदरं बांधली, रेल्वेचे पूल बांधले, आफ्रिकेत धरणं बांधली, अन् म्हातारपणी बहात्तरच्या दुष्काळात आमच्या सोसायटीचा तलाव बांधायला आले. मातीची गोळी करून पाण्यात टाकायचे. विरघळली की ती गाडी परत. भिंतीची माती भिजवायला पाणी पुरेना, तर आपल्या आंघोळीची बादली तिथं ओतायचे. मी लई कामं फिरलो, असा माणूस पुन्हा दिसला नाही. पारसाल तिकडं त्यांच्या गावी वारले. नळी सोसायटीत ठेवावी. कोणी दारू गाळायला नेऊ नये.

तीन. तलावाच्या कडेचं माझं रान. साहेबांनी जादा पाणी जायचा सांडवा त्यातूनच काढला, चांगला रुंद. चेअरमन अर्जुनराव सगळ्यांदेखत हसले, "साहेब, प्यायला पाणी न्हाई अन् तुमी पाणी जायला वाट कशाला ठेवता?"

साहेब म्हणाले, "पाणी आलं की तुमी पळताल, अर्जुनराव. मी म्हातारा हाय. मला पळता येत न्हाई."

पुढच्या भादव्यात वरल्या अंगाचा दुसरा तलाव फुटला. सगळा लोंढा आमच्यावर आला अन् सांडव्यानं गुमान निघून गेला. भिंत जागची हलली नाही. अर्जुनराव पळाले होते, हे इथं नोंदवतो.

आता थोरला भाऊ बंकट म्हणतो, "सांडवा वर्साकाठी एकदा वाहतो. बुजवून बाजरी घेऊ." म्हणून तो पट्टा मी सोसायटीच्या नावे करतो. अट एवढीच, त्यात नांगर नाही, बांध नाही. गवत आईच्या म्हशीला.

चार. बाकीचं रान बंकटदादाचं. पण त्यानं सांडव्यात एक पाटी जरी माती टाकली, तर तेही त्याची बायको मनकर्णा हिचं. त्या भिंतीचा दगड तिनं डोक्यावर वाहिलाय, ती टाकू देणार नाही. दादा, भांडायचं असलं तर मी जित्ता असताना ये. गाडीभाडं मी देतो.

सगळं परत वाचून, दोघांच्या समोर सही केली.

रामहरी धोंडीराम नाटकर

साक्षीदार:
वैजिनाथ मल्लिकार्जुन हालगे, राहणार परळी वैजनाथ (सही)
सटवा लिंबाजी, राहणार चौसाळा (उजव्या हाताचा अंगठा, डावा सुरुंगात गेला)

मुक्काम मंडी जिल्हा, १४ मार्च १९७६