सोसायटीतला राब

१२ मे २००७
दुपारी ऑफिसात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन, "मॅडम, लवकर या, तुमच्या फादरनी आग लावलीय." उल्हासनगरहून अंबरनाथ, रिक्षाने. गल्लीच्या तोंडाशीच धूर दिसला. बिल्डिंगमागच्या मोकळ्या तुकड्यात बाबा उकिडवे बसलेले, हातात काठी, निवांत. समोर कसलासा ढीग जळतोय. वरून सगळे ओरडतायत. शेजारच्या सिंधी आंटींचे वाळत घातलेले कपडे काळे. त्या एवढंच म्हणाल्या, "बेटी, इनको अकेला मत छोड़ो." तेवढं पुरे होतं.

आई गेल्यावर गावाहून आणलं त्यांना. तेव्हापासून धड जेवत नाहीत, बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून. डॉ. म्हणाले होते विसरण्याचा आजार. आता वेडही?

१३ मे
बाळूदादाला फोन. चुलतभाऊ, बारवी धरणाजवळची आमची शेती तोच बघतो. मी रडतच सांगितलं, तर हसायलाच लागला. "अगं, राब भाजला काकानं. आमी पन कालच भाजला."

राब! शेण, पाला, गवत पसरायचं, वर माती टाकून जाळायचं, पाऊस पडला की तिथे भाताचं बी पेरायचं. लहानपणी मी स्वतः पाल्याचे भारे वाहिलेत. काल डोळ्यांसमोर होतं आणि मला फक्त आग दिसली. हेही भीतीदायकच.

शेण तबेल्यातून आणलं, बादलीने. ज्या माणसाला बाथरूमचं दार सापडत नाही, तो तबेल्यात जाऊन परत आला.

११ जून
बी पेरलं. बाळूदादाकडून मीच मागवलं. अशोक म्हणाला, "तूही त्यांच्यासारखीच." नवऱ्याला म्हटलं, लेक कुणाची? सेक्रेटरींच्या हातापाया पडून झालंय. आंटींना नवीन चादरी.

२३ जून
मागे हिरवंगार. बाबा सकाळी उठले की खाली. काल भाकरी खाऊन वर आणखी मागितली. मागितली! मी तव्यापाशी उभीच राहिले. त्यांच्या रात्रीच्या झोपेच्या गोळीची आठवण मला आज झाली, म्हणजे बरेच दिवस दिलेलीच नाही.

डॉ.नी बीपी मोजलं. इतकं चांगलं आलं की मशीन बदलून पुन्हा मोजलं. "काय केलंत नक्की?" सांगितलं. ते म्हणाले, उन्हात हिंडतायत, हाताला काम आहे, फरक पडणारच. पण विसरणं यानं थांबेल असं समजू नका. मग बाबांना विचारलं, "ही कोण?"
"माझी सुनी. हिला खाली सोडू नका, रोपांत पाय देती." ओळखलं मला; फक्त त्यांच्या लेखी मी अजून लहान.

माझंही डोकं दुखायचं थांबलंय. संध्याकाळचा चहा हल्ली खालीच, दोघांचा.

३० जून
रोपं वीतभर झाली. बाबा सकाळपासून एकच विचारतायत, "लावायची कुठं?"
खरंच कुठं? राबात भात ठेवत नाहीत, उपटून चिखलाच्या खाचरात लावावा लागतो. इतके दिवस कौतुकाने बघत बसलो, हे कुणाच्या डोक्यातच नाही. वर सेक्रेटरींची नोटीस : मागे पार्किंगसाठी फरशा बसणार. बाबांनी रोपं उपटली, जुड्या बांधल्या. उद्या गावी.

१ जुलै
बाबा चिखलात उतरले आणि मी हात धरायला धावले, तर मीच पडले. सगळं खाचर हसलं. बाबाही. आई गेल्यापासूनचं पहिलं हसू, आणि तेही मला. मग मीही लावायला वाकले. कंबर मोडली. वहिनीच्या ओटीवर दुपारीच मेल्यासारखी झोपले.
निघताना बाबा म्हणाले, "मी हितंच." लावणी होईपर्यंत ठेवलं.

१५ जुलै
न्यायला आलोय. ओटीवर बसून लिहितेय.

बाबा लांबून मला ओळखूच आले नाहीत. गालावर मांस चढलंय, पाठ ताठ, बैलांवर ओरडतायत ते पार रस्त्यावर ऐकू येतंय. मी बांधावरून हाक मारली, "बाबा." हात धुऊन आले.
"या बाय. बसा. कोनाकडं आल्या?"

बसा. मला.

वाटलं थट्टा करतायत. वहिनी म्हणाली, "उन्हाचं आलेत, थोड्या वेळानं वळखतील." जेवणं झाली तरी नाही. पाहुणी म्हणून वहिनीला मला आग्रहाने वाढायला लावलं, बोंबलाचा मोठा तुकडा माझ्या ताटात. वहिनीला, बाळूदादाला नावानं हाका मारतात. बैलांनासुद्धा. मी हात धुवायला उठले तर पाणी घालायला स्वतः आले. म्हणाले, "तुमचे वडील हायेत का?"
"आहेत."
"मंग बरं हाय. येत जा त्यांच्याकडं."

अंबरनाथला मला ओळखायचे आणि झिजत चालले होते. डॉ.नी सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. तिकडे नेलं तर ओळखतील? आणि ओळखलं, तर कशाच्या मोलाने?

अशोक विचारतोय, "त्यांचे कपडे भरू ना?" त्याला थांब म्हटलंय. बाबा गोठ्यात आहेत, कुणाशी तरी बोलत हसतायत.