बाईंचे दोरे

रविवार संध्याकाळ, वापी

कोल्हापुरात आज गाण्याच्या बाईंची शोकसभा झाली. मला सुट्टी मिळाली न्हाय, म्हणून बहिणीनं, सुमीनं, फोनवर दाखवली. स्टेजवर बाईंचा तानपुरा हार घालून ठेवलेला. एका शिष्येनं तो छेडला आणि माझं डोकंच फिरलं. तारा नुसत्या टणटणत होत्या. बाई प्रत्येक तारेखाली पदराचा दोरा सरकवायच्या, त्यानं तार गुंजायची. ते दोरे कुठं गेले?

"पुसताना कचरा समजून काढलं की," सुमी म्हणाली. "चकचकीत दिसतोय न्हवं?"

"अगं, जीव काढला त्याचा. जाऊन सांग त्यास्नी."

"एवढ्या लोकांत? तूच ये की सांगायला. बाई आजारी हुत्या तवा तरी कुठं आलतास?"

मी फोन ठेवला. खरं बोलली, म्हणूनच ठेवला.

तासभर भाषणं झाली असतील. कुणाच्या कानाला खटकलं न्हाय? बाईंनी बाकीच्यांना गाणं शिकवलं. मला गळा नव्हता, म्हणून दोरा शिकवला. "तुझ्या बोटांना कान हाईत," म्हणायच्या. हीच बोटं इथं खोकी चिकटवतात.

त्यांनी स्वतः बसवलेले दोरे केरात गेले. आणि ते परत बसवता येणारा मी इथं.