टीपकागदावरच्या कुरडया

१२ एप्रिल, अमरावती

आलो बाप्पा एकदाचे! अकोल्याहून निघताना आईने गाडीत इतके डबे कोंबले की आचल शेवटी त्यांच्यावरच बसून आली. पुष्कर सामान वर टाकून लगेच परत गेला. त्याची नोकरी अकोल्यातच, आता नवरा फक्त शनिवार-रविवार. म्हणजे इथे मी, माझी सहा वर्षांची पोट्टी आणि खाली एकट्या राहणाऱ्या घरमालकीण गोदाबाई. किल्ली मागायला गेले तर म्हणाल्या, पयले जेवून घे, सामान मंग लावजो. वांग्याची भाजी अशी झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. आचलने पाच मिनिटांत त्यांना आजी करून टाकलं. मला हे घर फार आवडलं.

१५ एप्रिल

कॉलेजात माझ्याकडे वनस्पतिशास्त्राचा जुना संग्रह लावायचं काम आलंय, जूनमध्ये तपासणीची समिती येते म्हणून. चिखलदऱ्याच्या रानातून आणलेली, दाबून वाळवलेली, कागदांवर शिवलेली झाडं, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. आणि एका पानाला कीड नाही! आमच्या घरी डाळीला महिनाभरात सोंडे होतात. कपाटाच्या तळाशी झुरळं मात्र उताणी मरून पडलेली. ती मी हातानेच गोळा केली. जुन्या लोकांचं काम पक्कं, असं मनाशी कौतुकही केलं.

विभागप्रमुख कमलाकांत सर म्हणाले, कोपऱ्यातले टीपकागद रद्दीत काढा. त्यांच्यात ही झाडं सुकवत असत. जाड, मऊ, टॉवेलाएवढे कागद, जीव होईना टाकायला. सगळा गठ्ठा ऑटोत घालून घरी आणला. आचलला चित्रं काढायला होतील.

१८ एप्रिल

आज कुरडया! गोदाबाईंनी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून शिजवला होता. गच्चीवर सोऱ्याने पाडायच्या कशावर, यावर बराच खल झाला. प्लास्टिकवर घाम सुटतो, धोतराला चिकटतात. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे मस्त कागद आहेत. त्या खूश. म्हणाल्या, हे कागद तं लय कामाचे निघाले, पानी कसं चटकन पेऊन घेतेत. गच्ची पांढरीशुभ्र दिसत होती.

आचलला राखणीला बसवलं. चिमण्या हाकलायच्या आणि अर्ध्या ओल्या कुरडया खायच्या, हे लेकरांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मोठ्यांना मात्र बंदी. अक्षय्य तृतीयेला पितरांचा नैवेद्य झाल्याशिवाय या घरी कोणी नवी कुरडई तोंडात घालत नाही. मी चोरून एक तुकडा टाकलाच. जरा कळकल्यासारखा लागला, पितळी भांड्यातल्या दह्यासारखा.

२२ एप्रिल

चार दिवस पोरगी गच्चीवर, आणि आज पोट धरून बसली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, मीठ-साखरेचं पाणी द्या. गोदाबाईंनी कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला. आपल्याकडच्या उन्हाला घाबरून कसं चालेल? पण सकाळी तिची उशी लाळेने चिंब होती, आणि ते मला आवडलेलं नाही. माझ्याही तोंडाची ती कळकट चव जात नाही.

२४ एप्रिल

आचलच्या जुलाबात रक्त पडलं. तोंड आतून सोलल्यासारखं झालंय, हिरड्यांच्या कडेला राखाडी रेघ. पाणी पिते, पण कालपासून लघवी जवळजवळ नाहीच. गोदाबाई म्हणाल्या, उन्हायात सारं घामावाटे जाते, भेऊ नको. मी ते पटवून घेतलं. भीती वाटते आहे, कशाची ते कळत नाही.

२५ एप्रिल

कळलं.

आचलला दवाखान्यात न्यायला निघाले होते. वाळत घातलेला टॉवेल आणायला गच्चीवर गेले. उरलेल्या टीपकागदावर गोदाबाईंचा तुळशीला पाणी घालायचा, तांब्याच्या धातूचा तांब्या. कागद ओला. तांब्या उचलला तर बूड चांदीसारखं चकाकत होतं. बोटाने पुसलं, आणखीच चकाकलं. गोदाबाई हसल्या, म्हणाल्या, पाय, तांब्याले चांदी चढली, तुया पोट्टीचा पायगुन!

तांब्यावर अशी चांदी चढत नाही हो. पारा चढतो.

मर्क्युरिक क्लोराईड. झाडांना कीड लागू नये म्हणून त्याच्या द्रावणात बुडवून याच कागदांवर सुकवायचे. एम.एस्सी.च्या पेपरात मी हे लिहिलंय, दोन मार्कांना! पांढरं, बिनवासाचं, पाण्यात विरघळणारं. पन्नास वर्षांत उडून जात नाही, विटत नाही. कातडीतूनही शिरतं. पोटात गेलं की आतडी सोलतं, मग मूत्रपिंडांत जाऊन बसतं.

आणि त्याच्यावर मी ओला, गरम चीक घालू दिला. झुरळं समोर मरून पडली होती, तरी माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

२५, दुपार

दवाखान्यात भरती. डॉक्टरांना सगळं सांगितलं. उतारा इथे नाही, पुष्कर नागपूरला गेलाय आणायला. सरांनाही फोन केला, कपाटांना हात लावू नका म्हणून.

कुरडया आणि कागद पोत्यात बांधून टाकले. गोदाबाईंना खरं सांगवलं नाही. तुमच्या हातून माझ्या लेकराला विष गेलं, कसं म्हणू? दिलं तर मीच. म्हटलं, बुरशी लागली, कोणी खाऊ नका. त्या रागावल्याच. चाळीस वर्स झाले, माह्या कुरडईले कधी बुरशी नाई लागली, आताच काहून लागली? गाल फुगवून आत गेल्या. उद्या सांगते. नक्की.

२६ एप्रिल

लघवीची पिशवी कोरडी. कोरडीच.

डॉक्टर म्हणाले, पोटात गेलंय त्याच्याशी झगडता येईल, पण आता वरून एक कण नको. मूत्रपिंडं सोसणार नाहीत.

आचल डोळे उघडत नाही. देवा, मला ने, तिला नको —

अक्षर मलाच वाचवत नाही. माझ्याही अंगात आहे ते. असू दे.

गोदाबाईंना आजही नाही —

२७ एप्रिल, सकाळ

पिशवीत लघवी आली!! थोडीशी. पण आली. नर्सबाई हसल्या, मी रडले.

पुष्कर बडनेऱ्याला उतरला, औषध मिळालंय. त्याची वाट बघत खाली पायरीवर बसलेय. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.

गोदाबाई आल्यात. राग गेला त्यांचा. त्यांना वर बसवून आले. आचलने डोळे उघडले, ‘आजी’ म्हणाली —

डबा आणलाय त्यांनी. पोट्टीच्या आवडीचं हाय म्हणाल्या. दुधात भिजवलं, लोण्यावानी मऊ झालं, तोंड आलं तरी गिळीन. मी म्हटलं, बरं केलंत. खरंच बरं वाटलं. दोन दिवस पोटात काही नाही —

नैवेद्याचं बाजूला काढून ठेवलं होतं म्हणे. मी जिना उतरत होते तेव्हा मागून म्हणत होत्या, पितराइच्या आंदी माह्या नातीले —

नैवेद्याचं

दुधात भिजवलं, काय भिज —