हातभर आधी

३ फेब्रुवारी, मंगळवार

घासला! नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या क्रेनचा पंजा जहाजाच्या कडेला घासला. रंगच खरवडला, बाकी काही नाही — पण मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "पुन्हा असं झालं, तर क्रेनची खुर्ची सोडायची." सोडून करू काय? दुसरं काही येतच नाही मला.

दोन मोठी जहाजं शेजारी-शेजारी बांधलीत. एकाच्या पोटातला गहू पंज्यानं उचलायचा, दुसऱ्यात ओतायचा. इशारे द्यायला उद्यापासून नवा माणूस येतोय.

४ फेब्रुवारी

नवा म्हणजे चांगला साठीचा! पिवळी टोपी. कडेला उभा राहून हातानं सांगतो — खाली, आणखी खाली, थांब. उजवीकडे अगदी चोख. डावीकडे मात्र 'थांब' हातभर आधीच! पंजा अधांतरी, आणि मी ताटकळत. का बरं?

५ फेब्रुवारी

आज नीट पाळत ठेवली. डावीकडे प्रत्येक वेळी लवकर, एकदासुद्धा चुकला नाही. चहाच्या वेळी विचारलं. "वारा असतो ना, ताई." कुठला वारा? झेंडा नुसता लोंबत होता!

६ फेब्रुवारी

दुसऱ्या पाळीच्या क्रेनवाल्याला गाठलं. "मला तर वेळेवर सांगतो की!"

म्हणजे फक्त मलाच? बाईमाणूस म्हणून? डोकंच सणकलं माझं. घरी चहा ओतला, तो कपाच्या शेजारी. नवरा हसला — "लक्ष कुठंय राणीसरकारांचं?" त्या टोपीवाल्यापाशी, आणखी कुठं!

७ फेब्रुवारी

गहू तळाला लागला. कोपऱ्यांतला ओढायला चार माणसं फावडी घेऊन जहाजाच्या पोटात उतरली. टोपीवाला आता डावीकडे दोन हात आधी थांबवतो. काम रेंगाळलं म्हणून मुकादम माझ्या नावानं ओरडतोय.

पाळी संपल्यावर टोपीवाल्याला चांगलं फैलावर घेतलं. माझी खुर्ची घालवायचीय का तुम्हाला? — वगैरे वगैरे. बिचारा सगळं ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "ताई, डावीकडे बघताना तुम्ही अख्खी मान का वळवता?"

वळवते मी? कधीपासून?

८ फेब्रुवारी, रविवार

शिडीपाशी टोपीवाल्यानं अडवलं. "उजवा डोळा झाका. आता सांगा, किती बोटं?"

कुठली बोटं? त्याच्या हाताच्या जागी नुसता धुरकट डाग होता.

चौघं फावडी घेऊन खाली उतरलेच होते. क्रेनची चावी मीच नेऊन मुकादमाच्या हातात दिली.