ढब्बूचं शाईचं चित्र

घरच्या मालकांना दुरून वाकून नमस्कार.

मी इथे मुलाकडे ठणठणीत आहे. सूनबाई कशाला हात लावू देत नाही, बसून बसून पाय वळवळतात. नातीला दोन दात आले, दोन्ही तिने माझ्याच बोटावर तपासले.

आता गंमत ऐका. खालच्या मजल्यावर एक चित्रकार आहे. कुंचला शाईत बुडवून लोकांची कुत्री काढतो. शाई खोडता येत नाही, म्हणून आधी सगळं विचारून घेतो. मी म्हटलं, आमचा ढब्बू काढा. म्हातारा झालाय, पण रुबाब आमच्या ह्यांच्यापेक्षा जास्त. रागावू नका.

तो म्हणाला, "आजी, मी डोळ्यांपासून सुरुवात करतो. हल्लीचा फोटो द्या."

तेव्हापासून तुमच्या मागे लागलेय आणि तुम्ही जुनेच फोटो पाठवताय. कधीही फोन करा, ढब्बू झोपलेला. परवा म्हटलं, फोन त्याच्या कानाला लावा, तर तुम्ही हवापाण्याचं काढलंत. इतकी वर्षं संसार केलाय, अहो. म्हणून पत्र लिहितेय, यात तुम्हाला मधेच विषय बदलता येत नाही.

खातोय ना तो? उठून उभा राहतो ना?

चित्रकाराला थांबवलंय. म्हटलं, डोळे मी स्वतः बघून येते, मग काढा. मुलगा पुढच्या आठवड्याचं तिकीट काढतोय.

तोवर ढब्बूजवळ बसा आणि मी निघालेय म्हणून त्याला रोज सांगा.

तुमची,
नातीची आजी