विसाव्या सेकंदाचं कुर्र

२ मार्च १९८१, सोमवार

आज कुर्र ऐकू आलं नाय.

रेकॉर्ड तीनदा लावली. पिन पुसून परत लावली. नाय म्हणजे नाय!

४ मार्च, बुधवार

आज पण नाय. लिहून काढतो, म्हणजे डोकं जाग्यावर राहील.

सात वर्षांमागं एक गोरा वेरूळला पुंजारामच्या घरी महिनाभर राहिला होता. पुंजाराम माझा जुना दोस्त, लेण्यांपुढं चहा विकतो. त्या गोऱ्याचा सख्खा भाऊ तिकडं गिटार वाजवायचा. मांडीवरची नव्हं, चार पायांवर टेबलागत आडवी ठेवलेली. वर तारा, हातात लोखंडी कांडी, आणि खाली शिलाई मशीनला असतात तशी पायदानं. पायदान दाबलं की एक तार वर चढते, शेजारची जागची हलत नाय. रेडिओवरच्या हवाईयन गिटारला हे जमत नाय. सूर रडता रडता हसायला लागतो. जाताना गोऱ्यानं भावाच्या रेकॉर्डच्या दोन प्रती दिल्या. एक मला, एक पुंजारामला. पुंजारामकडं वाजवायला काय नाय, त्याच्या आईनं, बानाबाईनं, ती कुंकू लावून देवळीत ठेवली.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. गाणारा मधीच थांबतो आणि बावीस सेकंद नुसती गिटार. विसाव्या सेकंदाला सूर विझत येतो, आणि खालचं पायदान करकरतं — कुर्र! लई बारीक. रेकॉर्डिंगवाल्यांचं पुसायचं राहून गेलं असंल. राहिलं तेच बरं झालं. त्या कुर्रनं तो माणूस माझ्या पुढ्यात येऊन बसतो.

रोज चहा झाला की मी तेवढंच ऐकतो. पंधरा वर्षं झाली लग्नामांडवातल्या भोंग्याखाली उभं राहून. कान तपासायला याच्यापेक्षा बारीक आवाज माझ्याकडं नाय. कुर्र आलं की दिवस बरा जायचा.

६ मार्च, शुक्रवार

बायकोला बसवलं शेजारी. म्हटलं, द्वारका, नीट ऐक, गिटार थांबत येती तिथं. लावली.

"आलं का?"

"व्हय, आलं की!"

म्हणजे रेकॉर्डमधी हाय. माझ्या कानातच नाय.

मांडवात नाचणाऱ्यांच्या धक्क्यानं पिन उडते, म्हणून आम्ही स्पीकरवाले पिनच्या दांडीवर चाराण्याचं नाणं चिकटवतो. घरच्या मशीनवर पण चिकटवलेलं हाय, सवयच ती. आज आणखी एक चिकटवलं. म्हटलं, पिन घट्ट बसंल, आवाज नीट येईल. फरक नाय.

९ मार्च, सोमवार

बाकीच्या रेकॉर्डींतले माझे गिटारचे तुकडे लावून बघितले. वाजवणाऱ्यांची नावं कुठं छापत नाहीत, म्हणून तुकड्यांना मीच नावं पाडलीत. ‘नवरदेव रुसला’ — एका भावगीताच्या मधले सहा सेकंद, गिटार पुढं येते अन् लाजून मागं सरते. ऐकू आलं. ‘दोरी सोडली’ — एका हिंदी रेकॉर्डची मागची बाजू, जी कुणी लावत नाय. सूर पाळण्यागत झुलत झुलत खाली येतो. तेही आलं. पण हे सगळे ठसठशीत आवाज! बाबांना पण शेवटपर्यंत ढोल ऐकू यायचा.

१४ मार्च, शनिवार

पिशोरला तिथल्या काकासाहेबांच्या पोरीचं लग्न, स्पीकर माझेच. मी जनरेटरमधी डिझेल ओतत होतो. तेवढ्यात मांडवात माईक किंचाळला. कधी किंचाळला, मला पत्ता नाय. काकासाहेब समद्या वऱ्हाडापुढं म्हणाले, "काय बद्रीनाथराव, कान घरी ठेवून आलात का?"

लोक खदाखदा हसले. मी पण हसलो. इंजिन धडधडत होतं, खरं हाय. पण पहिलं असतं तर ऐकलंच असतं ना?

१५ मार्च, रविवार

सोळा वेळा लावली. नाय.

२३ मार्च, सोमवार

बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी बहिरे झाले. मला जूनमधी चव्वेचाळीस.

कापसाच्या जिनिंगमधी, मशिनींच्या खडखडाटात कामाला होते. पहिलं बारीक आवाज गेले, मग माणसं गेली. लग्नाकार्यात एका कोपऱ्यात बसायचे आणि कुणाचं तोंड हललं की हसायचे. चुलते मेल्याचं सांगायला माणूस आला, तेव्हा पण हसले. सांडू बहिरा! — गल्लीतली पोरं ओरडायची, आणि मी, त्यांचा पोरगा, त्यांच्यात उभा असायचो. मला लई भ्या वाटतंय. इथं लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाय.

द्वारका हल्ली घसा ताणून बोलती. शेजारच्या वच्छलाबाईंनी काल विचारलं, "काय हो, भांडण झालं का?" रेडिओ पण मोठा लावती. म्हणजे तिनं ओळखलं! मी विचारलं, माझ्यासाठी ओरडतेस ना? तर म्हणती, "मी कुठं ओरडते?" लई मायाळू बाई. मला वाईट वाटू नये म्हणून कबूल करत नाय.

३० मार्च, सोमवार

क्रांती चौकापलीकडं कानाचा डॉक्टर हाय. गेलो. पायरीवर चप्पल काढली. आतून कुणीतरी मोठ्यांदा विचारत होतं, "आजोबा, घंटा ऐकू येते का?"

चप्पल घातली, घरी आलो.

६ एप्रिल, सोमवार

मेव्हण्याला, फकिराला बोलावलं. म्हटलं, भोंगे, मशीन, माईक, समदं तू घे. आंधळ्यानं गाडी हाकू नये आणि बहिऱ्यानं स्पीकर लावू नये.

"दाजी, असं काय बोलताय! चांगलं तर ऐकताय की माझं!"

तू बोंबलतोस रे, म्हणून.

द्वारका आतच होती. चूल फुंकत. एवढं बोलणं झालं तरी बाहेर आली नाय. तिला सहन होत नसंल.

फकिरानं भोंगे टेम्पोत चढवले. मशीन घेऊन जायला पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. तोवर रोज ऐकून घेतो. आज वीस वेळा.

१७ एप्रिल, शुक्रवार

परवा वेरूळला जायचं. फकिराचं तिथं लग्नाचं काम हाय, टेम्पोतच जाऊ. मशीन पण तेव्हाच घेऊन जातो म्हणाला. द्वारकाला घृष्णेश्वराचं दर्शन होईल. रेकॉर्डींची पेटी पुंजारामला देऊन टाकतो. बहिऱ्याच्या घरात ती कशाला? दिसली की जीव कुढणार.

१९ एप्रिल, रविवार

घाईत लिहितोय, अक्षर कसं येईल तसं येऊ दे.

पुंजारामच्या अंगणात पेटी ठेवली. सांगितलं, कान गेले. बानाबाई म्हणाली, "मंग आमची बी लाव की रं एकदा. सात वर्सं देवापुढं हाय, आवाज कसा तो ठावं नाय." देवळीतली रेकॉर्ड आणली. फकिरानं टेम्पोतून माझं मशीन काढलं, दांडीवरची दोन्ही नाणी काढून खिशात टाकली. म्हणाला, "दाजी, हितं कोण नाचतंय?"

तिसरं गाणं. गाणारा थांबला. गिटार. मी डोळे मिटले.

कुर्र!

बानाबाई दचकली, "कोण करकरलं?"

परत लावली. कुर्र! पुंजाराम म्हणाला, "आलं की रं बद्री!" मग माझी लावली. काय नाय. कुणालाच नाय! माझी रेकॉर्ड उन्हात धरली, तर त्या जागी पिननं घासून गव्हाच्या दाण्याएवढा रुंद करडा पट्टा. रोज रोज तीच जागा, वर दोन-दोन चाराणे! कान शाबूत. कुर्र मीच खरवडून खाल्लं.

पुंजारामच्या गळ्यात पडून रडलो. लाज वाटली नाय. बानाबाईनं तिची रेकॉर्ड माझ्या हातात दिली. म्हणाली, "ने. पर पैका ठिऊ नको वर." फकिरा म्हणतो, उद्याच भोंगे परत आणतो.

चव्वेचाळीस काय, ऐंशी होऊ दे आता!

२० एप्रिल, सोमवार

एक गोष्ट काल आनंदाच्या भरात लिहायची राहिली.

बानाबाईची रेकॉर्ड लावली तेव्हा द्वारका माझ्या शेजारी होती. माझ्या तोंडाकडं बघत होती. "आलं, आलं!" म्हणाली. तेव्हा गाणारा अजून गात होता. गिटार सुरूच झाली नव्हती.

आज सकाळी तिच्या पाठीमागं उभा राहिलो आणि हळू हाक मारली. द्वारका. तीनदा मारली.

ती ज्वारी निवडत राहिली.